पोर्टफोलिओत फसलेला प्रोजेक्ट ठेवू की काढू?

कागदी_खिडकी:

नमस्कार मंडळी. मी इंटिरियर डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन महिन्यांत इंटर्नशिपसाठी पोर्टफोलिओ पाठवायला सुरुवात करायची आहे आणि एका प्रोजेक्टपाशी माझं गाडं अडलंय. दोनदा तो काढला, दोनदा परत घातला. इथे प्रत्यक्ष काम करणारे बरेच जण आहेत म्हणून विचारते. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणालाच नीट सल्ला देता येणार नाही.

तीन वर्षांत लहानमोठे नऊ प्रोजेक्ट झाले. पहिल्या वर्षातले तीन निव्वळ सरावाचे होते, ते बाजूला ठेवले. उरलेल्या सहांतले चार घ्यायचं ठरवलंय. त्यातले तीन पक्के आहेत: एकट्या राहणाऱ्या वयस्क बाईंसाठी ३२ चौरस मीटरचं घर, मातीकाम करणाऱ्या दोघींचा स्टुडिओ, आणि एका जुन्या जिन्याची मापं घेऊन काढलेली ड्रॉइंग्ज. चौथा म्हणजे मुलांचं वाचनालय. प्रश्न त्याचाच आहे.

वयोगट ५ ते ९. ७ बाय ९ मीटरची एकच खोली, छताची उंची ३.६ मीटर, एका लांब भिंतीत तीन मोठ्या खिडक्या. त्या खिडक्यांखाली मला सलग बैठक करायची होती, म्हणजे पुस्तक उचललं की मूल थेट उजेडात जाऊन बसेल. समोरच्या भिंतीला कपाटं, दाराशी पुस्तकं देण्याघेण्याचं काउंटर. अकरा आठवडे मी त्यावर काम केलं. रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेली खऱ्यासारखी चित्रं, इतके छान झाले की वर्गातल्या दोघींनी ते फोनच्या स्क्रीनवर लावले. १:२० चं, म्हणजे खऱ्याच्या विसाव्या हिश्शाचं मॉडेल केलं, त्यात कागदाची इवलीशी पुस्तकं एकेक करून चिमट्याने चिकटवली.

ज्युरीला, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायच्या दिवशी, बाहेरून आलेल्या बाई मॉडेलपाशी वाकल्या, डोळे मॉडेलच्या जमिनीच्या पातळीला आणले आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "यात मूल कुठंय?"

मी माणसांच्या आकृत्या दाखवल्या. सात होत्या. सगळ्या एकाच छाप्यावरून कापलेल्या, ८५ मिलिमीटरच्या. म्हणजे १७० सेंटिमीटरची सात माणसं. मुलांच्या वाचनालयात एकही मूल नव्हतं. त्यांनी विचारलं, सहा वर्षांचं मूल साधारण किती उंच असतं? मी म्हटलं, ११५ सेंटिमीटर. म्हणाल्या, "मग कापा एक."

माउंटबोर्डचा, म्हणजे जाड पुठ्ठ्याचा तुकडा घेतला, स्टीलची पट्टी धरली आणि तिथेच, सगळ्यांसमोर, साडेसत्तावन्न मिलिमीटरची आकृती कापली. हात थरथरत होता, त्यामुळे एका खांद्याची कड तिरपी आली. ती काउंटरसमोर उभी केली. काउंटर १०५० मिलिमीटरचं, म्हणजे मॉडेलमध्ये साडेबावन्न. काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलं तर पाच मिलिमीटर कपाळ दिसत होतं, बाकी मूल गायब. मग तीच आकृती कमरेत आणि गुडघ्यात दुमडून बैठकीवर बसवली. बैठक ४५० उंच आणि ६०० खोल. पाठ मागे टेकवली तर पाय सरळ समोर पसरले, काठाशी आणली तर पाय अधांतरी लोंबकळत राहिले.

पास झाले मी. पण त्या दिवसापासून ते रेंडर उघडले की मला ते कपाळच दिसतं.

आता प्रश्न. हा प्रोजेक्ट ठेवावा का? शिकवणारे म्हणतात की चांगलं तेवढंच दाखव. मैत्रिणी म्हणतात की तुझे सगळ्यात देखणे रेंडर त्यातच आहेत, ज्युरीत काय झालं ते पाहणाऱ्याला थोडंच कळणार आहे? मला मात्र ते रेंडर जसेच्या तसे लावणं पटत नाही. दुरुस्त करून दाखवलं तर ते कॉलेजचं काम म्हणून दाखवणं खोटं ठरेल का? आणि दुरुस्ती करायचीच तर ती किती खोलवर करू? नुसतं काउंटर खाली आणून भागेल असं वाटत नाही.

उंबरठा:

ठेव. बिनधास्त ठेव. आणि अगंतुगं करते, राग मानू नकोस, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे.

बावीस वर्षं या कामात आहे, लहानसं ऑफिस आहे, इंटर्न मीच निवडते. मी पोर्टफोलिओ कसा बघते ते सांगते, कारण त्यातच तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. मी आधी प्लॅन शोधते. दार कुठल्या बाजूला उघडतंय आणि उघडल्यावर कशावर आपटतंय, ते बघते. मग सेक्शन शोधते, म्हणजे जागा उभी कापली तर आत काय दिसेल ते दाखवणारं ड्रॉइंग. सेक्शनमध्ये माणूस असेल तर तो काय करतोय ते बघते. बहुतेकांच्या सेक्शनमधली माणसं काहीच करत नसतात. खिशात हात घालून उभी असतात, नाहीतर फुगा धरून. कुणी वाकलेलं नसतं, कुणी वरच्या फळीवरचं काही काढत नसतं, कुणाच्या कडेवर पोर नसतं. ती माणसं जागेच्या परीक्षेसाठी घातलेलीच नसतात, पान रिकामं दिसू नये म्हणून घातलेली असतात. तुझ्या त्या सात आकृत्या तशाच होत्या.

यात तू एकटी नाहीस. ल कॉर्बुझिए या मोठ्या वास्तुविशारदाने मोड्युलॉर नावाची मापांची अख्खी पद्धत उभी केली. पायाला काय होतं? एक पुरुष, उंची आधी १.७५ मीटर धरली होती, मग १.८३ केली. हात वर केला की २.२६. त्या एका देहावरून छताच्या, ओट्याच्या, आसनाच्या उंच्या काढल्या. फ्रान्समध्ये समुद्रकाठी त्याने स्वतःसाठी १९५२ मध्ये लाकडी खोपटं बांधलं, काबानों म्हणतात त्याला. ३.६६ बाय ३.६६ मीटर, उंची बरोबर २.२६. मला ती खोली फार आवडते, आणि तिथे ती मापं चालतात, कारण वापरणारा एकच आहे आणि तो प्रौढ पुरुष आहे. पण त्या मापांत सहा वर्षांचं मूल नाही, पाठीत वाकलेली म्हातारी नाही. विद्यार्थी ती आकृती भिंतीवर लावतात आणि तिला सगळ्या माणसांचं माप समजतात.

आता पानं कशी लावशील ते सांगते. समोरासमोरची दोन पानं घे. डावीकडे जुना सेक्शन, जसा होता तसा, त्यात ११५ सेंटिमीटरचं मूल घालून. त्याच्या खाली तू ज्युरीत कापलेल्या त्या आकृतीचा फोटो, तिरप्या खांद्यासकट. ती टाकली नसशील अशी आशा करते. उजवीकडे नवा सेक्शन, तेवढ्याच स्केलला, तीच आकृती. वाचणाऱ्याला दोन्ही एका नजरेत तोलता आली पाहिजेत, म्हणून एक १:२० आणि दुसरं १:५० असलं काही करू नकोस. खाली दोन ओळी पुरेत. दिलगिरीचा परिच्छेद लिहू नकोस.

खोटेपणाची भीती वाटते तर उपाय सोपा आहे. प्रत्येक ड्रॉइंगवर महिना आणि वर्ष टाक. उजव्या पानावर 'ज्युरीनंतरचं काम' असं स्पष्ट लिही. जुनं ड्रॉइंग गुपचूप सुधारून तेच पहिल्यापासून होतं असं दाखवलंस, तर मात्र ते खोटं. मुलाखतीत 'हे कसं सुचलं' असं विचारलं की माणूस तिथे गडबडतोच, आम्हाला लगेच कळतं.

निळी_शाई:

मी शेवटच्या वर्षाला आहे, गेल्या वर्षी इंटर्नशिप केली. उंबरठा ताईंचं म्हणणं कळतंय, पण सगळीकडे असं निवांत बघणारं कुणी नसतं. माझा पोर्टफोलिओ ज्यांनी उघडला त्यांनी माझ्यासमोरच स्क्रीनवर भराभर खाली सरकवला. एक मिनिट फारतर. त्या मिनिटात सेक्शनमधल्या मुलाचं कपाळ कोण बघणार? तिथे रेंडरच लक्ष वेधून घेतो. म्हणून माझं मत असं की रेंडर टाकून देऊ नकोस, तुझी ताकद तीच आहे.

फक्त एक बघ. तुझ्या रेंडरमध्ये कॅमेरा किती उंचीवर आहे? आपण सगळे सवयीने १.६ मीटरच्या आसपास ठेवतो, म्हणजे उभ्या मोठ्या माणसाची नजर. ११५ सेंटिमीटरच्या मुलाचे डोळे साधारण १.०४ वर येतील. तोच सीन उघड, कॅमेरा १.०४ वर आण, बाकी काही हलवू नकोस आणि रेंडर कर. मग बघ खोली कशी दिसते ते. मला वाटतं हे एक चित्र तुझं सगळं म्हणणं त्या एका मिनिटात सांगून टाकेल.

कागदी_खिडकी:

निळी_शाई, आत्ता करून बघितलं. काउंटरसमोर उभं राहून घेतलेलं दृश्य म्हणजे अर्ध्या चित्रात फिकट लाकडाची फळी आणि वर छत. छताचे दिवे थेट डोळ्यांत येतात, हे तर माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मोठ्या माणसाच्या उंचीवरून ते काउंटरच्या कडेआड लपलेले... नाही, चुकलं, लपलेले नव्हते, मीच कॅमेरा जरा खाली झुकवून ठेवला होता म्हणून दिसत नव्हते. मूल मोठ्यांशी बोलताना मान वर करतं, आणि वर दिवे.

उंबरठा ताई, आकृती आहे. पाकिटात जपून ठेवली आहे.

अठरा_मिमी:

मी फर्निचर बनवतो. वडिलांच्या हाताखाली शिकलो, तेवीस वर्षं झाली. पोर्टफोलिओचं मला कळत नाही, त्यावर बोलत नाही. पण ताई, तुम्ही काउंटर आणि बैठक सांगितली, कपाटांचं काहीच सांगितलं नाही. फळ्या किती लांब धरल्यात आणि किती जाडीच्या?

कागदी_खिडकी:

दादा, १५०० लांब, १८ मिमी प्लाय, मध्ये आधार नाही. रेंडरमध्ये लांब आडव्या रेषा हव्या होत्या म्हणून. उंची १८००, सहा कप्पे.

अठरा_मिमी:

तेच वाटलं होतं. ती फळी झोळ धरणार. पुस्तकं दिसतात हलकी, पण ओळीने भरली की मीटरला वीस-तीस किलो सहज होतात. मुलांची चित्रांची पुस्तकं पातळ असतात खरी, पण कागद गुळगुळीत आणि जड, पुठ्ठाही जाड.

हिशेब असा आहे की सगळ्या लांबीवर सारखं वजन असेल, तर लांबी दुप्पट केली की झोळ दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. म्हणजे ७५० च्या फळीला १ मिलिमीटर झोळ येत असेल तर त्याच जाडीच्या १५०० च्या फळीला १६ येईल. हे मला एका इंजिनियर साहेबांनी कागदावर मांडून दाखवलं, पण हाताला आधीच माहीत होतं. जाडी वाढवली तर फायदाही तसाच मोठा मिळतो, १८ चं २५ केलं की फळी अडीच पटीहून जास्त ताठ होते. पण वजन वाढतं, खर्च वाढतो आणि कड जाड दिसते.

मी काय करतो सांगू? ८०० च्या वर फळी जाऊ देत नाही. प्लायची शीट २४४० बाय १२२० ची येते. लांबीतून ८०० चे तीन तुकडे निघतात आणि करवतीची खाच धरूनही थोडं उरतं. मोजून ८१३ चे तीन काढायला गेलात तर तिसरा आखूड निघेल, कारण प्रत्येक कापाला तीनचार मिलिमीटर भुसा होतो. ड्रॉइंगवर खाच दिसत नाही, म्हणून नवीन लोक तिथे हमखास फसतात. अगदीच लांब रेषा हवी असेल तर फळीच्या पुढच्या कडेला खालून ४० मिमी सागवानी पट्टी लावा. ती पट्टी उभी असल्यामुळे झोळ अडवते, आणि प्लायची कड झाकली जाते. पट्टीची खालची धार मात्र रंधा मारून गोल करा, मुलांची डोकी तिथेच येतात.

आणि कपाट भिंतीला बांधा. मुलं फळ्यांना शिडी समजतात. भरलेलं कपाट पुढे आलं तर मोठा माणूससुद्धा आवरू शकत नाही. ड्रॉइंगमध्ये क्लॅम्प, म्हणजे कपाट भिंतीला पकडणारी पट्टी, दाखवा, नुसतं 'भिंतीला बसवणे' असं लिहू नका. कुठे, किती, कशाने, ते दाखवा. मला जे ड्रॉइंग मिळतं त्यात हे नसतं, मग आम्ही आमच्या अंदाजाने करतो आणि नंतर बोल आम्हाला लागतो.

बैठकीखाली सामान ठेवायला झाकण केलंय का? केलं असेल तर काढा. झाकण बोटांवर पडतं. पुढून ओढायचे उघडे खोके द्या, चाकं न लावता.

दुपारचं_ऊन:

मी शिकवतो, त्यामुळे 'चांगलं तेवढंच दाखव' असं सांगणाऱ्यांत मीही मोडतो. हा धागा वाचून त्यावर पुन्हा विचार करतोय. आम्ही तसं सांगतो कारण विद्यार्थी कच्चं काम पक्कं म्हणून दाखवतात. इथे प्रश्न वेगळा आहे, चूक तुम्हाला मिलिमीटरमध्ये ठाऊक आहे.

'किती खोलवर दुरुस्त करू' या प्रश्नावर थोडं बोलतो. सगळी उंची १५ टक्क्यांनी कमी केली असं करू नका. मूल म्हणजे लहान केलेला मोठा माणूस नव्हे, त्याच्या अंगाची प्रमाणंच वेगळी असतात, डोकं मोठं आणि पाय आखूड. आणि ५ ते ९ हा गट एक नाहीच. शाळेच्या फर्निचरचं युरोपियन मानक, ईएन १७२९, पाहिलंत तर १०८ ते १२१ सेंटिमीटर उंचीच्या मुलांना आसनाची उंची ३१० मिमी आहे आणि ११९ ते १४२ च्या मुलांना ३५०. म्हणजे तुमच्या एका वाचनालयात किमान दोन बैठका हव्यात. सलग रेषा मोडेल, पण तीन खिडक्या आहेतच की. दोन खाली एक उंची, तिसरीखाली दुसरी.

बैठक ६०० खोल असण्याबद्दल मात्र मी ज्युरीइतका कडक होणार नाही. मुलं खुर्चीवर बसतात तशी खिडकीत बसत नाहीत. पाय वर घेतात, कडेला पाठ लावून आडवी बसतात, पोटावर झोपून वाचतात. त्यासाठी ६०० बरंच आहे. तेव्हा एका खिडकीत खोल ओटा ठेवा, जिथे पाय वर घेऊनच बसायचं, आणि दुसरीकडे बैठक ३०० च्या आसपास खोल ठेवा, जिथे पाय जमिनीला टेकतात. आकृतीही नुसती उभी नको. एक बसलेली, एक लोळलेली, एक टाचा उंचावून वरचं पुस्तक काढणारी कापा.

एक धोक्याची गोष्ट, जी तुमच्या वर्णनात मला सतत टोचत राहिली. खिडकीखाली बैठक केली की ती पायरी होते. सिल, म्हणजे खिडकीची खालची कड, जमिनीपासून ९०० असेल आणि बैठक ३१० ची केलीत, तर बैठकीवर उभ्या राहिलेल्या मुलाला सिल फक्त ५९० वर येतं. म्हणजे मांड्यांच्या वर, कमरेच्या आसपास. तावदान १०० मिमीपेक्षा जास्त उघडणार नाही अशी अटक लावा, किंवा बैठकीच्या पातळीपासून मोजून पुरेशा उंचीचा कठडा द्या, ज्याच्या गजांमधून १०० मिमीचा चेंडू जाणार नाही. हे सेक्शनमध्ये दिसलंच पाहिजे. तुमच्या ज्युरीत हे कुणी विचारलं नसेल तर विचारायला हवं होतं.

उजेडाचं थोडक्यात. लक्स हे उजेडाचं माप. वाचायच्या जागी ५०० लक्स आणि पुस्तकांच्या कपाटांवर २०० लक्स धरतात. पण कपाटावरचा उजेड उभ्या पृष्ठभागावर मोजायचा असतो, पुस्तकांच्या कण्यांवर. जमिनीवरचा आकडा देऊन उपयोग नाही. सगळ्यात खालच्या कप्प्यात अंधार पडतो, आणि तुमचे वाचक नेमके तिथेच बसकण मारतात.

अभ्यासासाठी दोन गोष्टी बघा. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये 'मुलांचं घर' नावाची पहिली शाळा सुरू केली. मुलांना स्वतः उचलून हलवता येतील अशा खुर्च्या आणि टेबलं हा त्यांच्या शाळांचा पाया आहे. उंची तर कमी केलीच, पण वजनही कमी केलं, ही त्यातली बारीक गोष्ट. दुसरे डच वास्तुविशारद आल्डो व्हॅन आइक. १९४७ पासून १९७८ पर्यंत त्यांनी आम्सटरडॅममध्ये सातशेहून जास्त खेळाच्या जागा केल्या. त्यातल्या पहिल्या जागेत वाळूचा हौद आहे, त्याला काँक्रीटचा रुंद काठ. त्या काठावर मूल वाळूचे मुटके मांडतं, तोच काठ चालायची वाट होतो, आणि सोबत आलेलं मोठं माणूस त्यावरच टेकतं. एका काठाने तीन कामं. तुमच्या काउंटरचा विचार त्या अंगाने करून बघा.

उंबरठा:

बैठकीची पायरी होते हे मी विसरले होते. बरं केलंत सांगितलंत. माझ्या एका कामात शयनखोलीच्या खिडकीशी असंच केलेलं आठवतंय, उद्या त्या घरी फोन करून अटक लावलीय का ते विचारते.

निळी_शाई:

कॅमेऱ्याबद्दल अजून एक. दोन्ही उंच्यांवरचे रेंडर एकाच पानावर, एकाखाली एक लाव. १.६ आणि १.०४. मजकूर काहीच नको, फक्त कोपऱ्यात उंची. फाइल मात्र हलकी ठेव, ईमेलमधून जाईल एवढी. माझी पहिली फाइल इतकी जड होती की दोघांना ती मिळालीच नाही, आणि मला ते तीन आठवड्यांनी कळलं.

कागदी_खिडकी:

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले, काय झालं ते सांगायला आले.

सगळ्यात आधी आकृत्या कापल्या. आता डब्यात नऊ आहेत. ५४, ५७.५, ६१, ६६ मिलिमीटरची मुलं, त्यातली एक टाचा उंचावलेली आणि एक पोटावर झोपलेली. एक ४२ मिलिमीटरचं पोर, कारण मोठ्या भावंडासोबत धाकटं येतंच. दोन मोठी माणसं, त्यातलं एक उकिडवं बसलेलं. चाकाच्या खुर्चीत बसलेली एक मुलगी. आणि पाकिटातली जुनी, तिरप्या खांद्याची. प्रत्येक बदलानंतर ती सगळी माणसं मॉडेलमध्ये फिरवते. चाकाची खुर्ची फिरवायला १५०० चं वर्तुळ लागतं म्हणून ७५ मिलिमीटरची कागदी चकती कापली आहे. ती दोन कपाटांच्या मध्ये अडकली, तेव्हा एक अख्खं कपाट काढलं. पुस्तकांची जागा कमी झाली याचं वाईट वाटलं, पण ते कपाट परत घातलं नाही.

काउंटरवर सगळ्यात जास्त वेळ गेला. आधी सरळ ६५० वर आणलं, तर आतल्या मोठ्या माणसाला दिवसभर वाकावं लागेल असं दिसलं. म्हणून आता ते एल आकाराचं आहे. एक बाजू ७३० ची, तिथे मोठं माणूस खुर्चीवर बसून काम करतं. दुसरी ५५० ची, पुढे आलेली, रुंद काठाची. मूल पुस्तक त्या काठावर ठेवतं, आणि बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे १.१ ते १.२ मीटरवर येतात, मुलाच्या डोळ्यांच्या जवळपास. व्हॅन आइकच्या हौदाचा काठ बघितला नसता तर हे सुचलं नसतं. ज्युरीतल्या बाईंना फोटो पाठवला. त्यांनी उत्तरात एवढंच विचारलं, 'काठाला कोपरे गोल आहेत का?' होते.

अठरा_मिमी दादा, फळ्या ८०० च्या केल्या. लांब रेषा गेली, पण उभे आधार आल्यामुळे प्रत्येक कप्प्याला एक रंग देता आला, आणि वाचता न येणाऱ्या मुलालाही आपलं पुस्तक कुठल्या घरातलं ते कळेल. वरचे दोन कप्पे काढले, कपाट आता १२०० चं आहे. क्लॅम्पचा सेक्शन १:५ ला काढलाय, स्क्रू किती लांबीचा तेही लिहिलंय. तुम्हाला बघायचा असेल तर पाठवते, चुकलं असेल तर सांगाल. बैठकीखालची झाकणं काढली.

दुपारचं_ऊन सर, बैठका ३१० आणि ३५० अशा दोन उंचीच्या झाल्या, तिसऱ्या खिडकीत ६०० खोल ओटा ठेवला. तिन्ही खिडक्यांना अटक दाखवली आहे.

पानं उंबरठा ताईंनी सांगितली तशीच लावली. आणि कॅमेऱ्याच्या दोन उंच्यांचं पान त्याच्याही आधी.

पण त्यात एक नवीनच काम निघालं. एकदा ही सवय लागल्यावर मी 'पक्क्या' म्हटलेल्या प्रोजेक्टकडे वळले, वयस्क बाईंच्या घराकडे. ते घर मी माझ्या आजीला डोळ्यांसमोर ठेवून केलं होतं, तसं शीटवर लिहिलंसुद्धा आहे. आकृती बघितली तर तीच, ८५ मिलिमीटरची. परवा आजीला भिंतीला टेकवून उभं केलं आणि पेन्सिलने खूण केली. १४६५. दोन वर्षांपूर्वी मी अंदाजाने १५५० धरली होती, आकृती मात्र १७०० चीच घातली. मग म्हटलं, हात वर कर. उजवा हात खांद्याच्या थोडा वर जाऊन थांबला. डाव्या हाताने १६४० पर्यंत पोचली, तीही बोटांची टोकं. माझ्या ड्रॉइंगमध्ये स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटाची पहिलीच फळी १८५० वर आहे.

आजीने विचारलं, कशाची मापं घेतेस? सांगितलं. ती म्हणाली, मग कपडे वाळत घालायच्या दांडीचं पण बघ, तिथे मला स्टुलावर चढावं लागतं. दांडी माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हतीच. काल दिवसभर ते वरचं कपाट काढून त्यातलं सामान खाली कुठे बसेल ते शोधत होते. दांडी भिंतीला लावून दोरीने खाली घेता येईल अशी करायची आहे. पण आजीचा उजवा हात फार वर जात नाही, म्हणजे दोरी डाव्या बाजूला हवी आणि ओढायला हलकी हवी. कुणी अशी बसवली असेल तर कप्पी कुठली वापरली आणि दोरी किती उंचीवर अडकवली, ते सांगाल का?